विश्लेषण : सुटलेले कॉलेज पुन्हा धरता येते का? कोणती दारे उघडी, कुठे अडचण?

लग्न ठरले म्हणून, वडील गेले म्हणून, नोकरी लागली म्हणून किंवा दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले ते राहिलेच म्हणून. अर्धवट सुटलेल्या पदव्यांमागची कारणे महाराष्ट्रात साधारण अशीच असतात. दहा-पंधरा वर्षांनी तीच माणसे पुन्हा प्रवेशाची चौकशी करतात, तेव्हा ‘शिक्षणाला वय नसते’ हे वाक्य त्यांना सगळीकडे ऐकायला मिळते. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र वयाऐवजी वेगळेच प्रश्न विचारले जातात. जुनी गुणपत्रिका कोणत्या पद्धतीची? आधार कार्डावर नाव कोणते? मधल्या वर्षांचे काय? नव्या शैक्षणिक धोरणाने ‘कधीही या, कधीही जा’ असे आश्वासन दिले आहे. ते नेमके कोणासाठी आहे, आणि ज्यांचे कॉलेज आधीच सुटले आहे त्यांनी काय करायचे?

परत येणारे कोण?

उच्च शिक्षणाची आपल्याकडची सगळी मोजदाद १८ ते २३ या वयोगटाभोवती फिरते. सकल नोंदणी गुणोत्तर याच वयोगटाच्या लोकसंख्येवर काढतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचे जे उद्दिष्ट ठेवले आहे, तेही याच गुणोत्तराचे. गंमत अशी की, पस्तिसाव्या वर्षी बी.ए.ला प्रवेश घेतलेली गृहिणी या गणितात वरच्या आकड्यात धरली जाते, पण खालच्या आकड्यात ती नसते. तिने प्रवेश घेतला तर गुणोत्तर वाढते. नाही घेतला तर कोणाचे उद्दिष्ट चुकत नाही.

दूरशिक्षणाच्या आकड्यांवरून या वर्गाचा थोडाफार अंदाज येतो. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४५.७ लाख विद्यार्थी दूरशिक्षणात होते आणि त्यांत सुमारे २०.९ लाख महिला होत्या. हे सगळेच काही खंडानंतर परतलेले नव्हेत. बारावीनंतर थेट येणारेही त्यांत आहेत. तरी मुक्त विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासकेंद्रावर रविवारी दिसणारी गर्दी बोलकी असते. पोलीस शिपाई, परिचारिका, अंगणवाडी सेविका, बँकेतला शिपाई, एसटीचा वाहक, दोन मुलांची आई आणि क्वचित नातवंडे असलेले कोणी, असे सगळे एका बाकावर असतात.

यांतल्या बहुतेकांना पदवी कशासाठी हवी हे नेमके ठाऊक असते. अंगणवाडी सेविकेला मुख्यसेविका व्हायचे तर पदवी लागते. कारकुनाची बढती पदवीवर अडलेली असते. स्पर्धा परीक्षेचा अर्ज पदवीशिवाय भरता येत नाही. काहींना मात्र यांतले काहीच नको असते. ‘शिक्षण’ या रकान्यात दर वेळी ‘बारावी’ लिहावे लागते, ते एकदाचे बदलायचे असते. वर्तमानपत्रांना साठी-सत्तरीत पाटी धरणाऱ्या आजीबाईंचे छायाचित्र आवडते. मुरबाडजवळच्या फांगणे गावी २०१६ मध्ये सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेला त्यामुळे भरपूर प्रसिद्धी मिळाली, आणि ती योग्यच होती. चाळिशीत बी.कॉम.चा राहिलेला पेपर देणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. संख्येने मात्र तोच मोठा वर्ग आहे.

जुन्या गुणपत्रिकेची किंमत किती?

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. ‘माझे दोनच विषय राहिलेत, ते दिले की पदवी’ असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात प्रत्येक अभ्यासक्रमाला कमाल मुदत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यापीठांना दिलेल्या सूचनांनुसार, अभ्यासक्रमाची नियमित वर्षे अधिक दोन वर्षे इतक्या काळात तो पूर्ण व्हायला हवा. अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष देता येते. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच, फार तर सहा वर्षे. विद्यापीठे अधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांसाठी विशेष संधी जाहीर करतात, पण ती त्या त्या विद्यापीठाच्या निर्णयाची बाब आहे. तिच्या आशेवर नियोजन करता येत नाही. अशी संधी जाहीर झाल्याचे परिपत्रक परीक्षा विभागाच्या संकेतस्थळावर येते आणि अर्जाची मुदत थोडी असते. ज्याचे कॉलेजशी नाते पंधरा वर्षांपूर्वीच तुटले, त्याच्यापर्यंत ते पोहोचेलच असे नाही.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची. वार्षिक परीक्षा जाऊन सत्र पद्धत आली, गुणांच्या जागी श्रेणी आणि श्रेयांक आले, विषयांची रचना बदलली. पंधरा वर्षांपूर्वीचा ‘जनरल पेपर दोन’ आज कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरायचा, याचे उत्तर कॉलेजातल्या लिपिकाकडे नसते. ते विद्यापीठाचा पात्रता विभाग किंवा समकक्षता समिती देते.

त्यातही विद्यापीठ कोणते, हा एक वेगळाच महाराष्ट्री पेच आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झाले. त्याआधी सोलापुरात शिकलेल्याची नोंद कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरकडच्या जुन्या विद्यार्थ्याने नागपूर गाठायचे. जळगाव-धुळ्याच्या १९९० पूर्वीच्या विद्यार्थ्याचे कागद पुण्यात, नांदेड-लातूरच्या १९९४ पूर्वीच्यांचे छत्रपती संभाजीनगरला. आपले कॉलेज जिथे होते तिथेच कागद मिळतील, असे समजून दोन-तीन फेऱ्या वाया घालवणारे कमी नाहीत.

पूर्ण उत्तीर्ण झालेले एखादे वर्ष मात्र अगदीच वाया जात नाही. काही मुक्त विद्यापीठांत, काही अभ्यासक्रमांना, आधीच्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पूर्ण केलेले वर्ष धरून पुढच्या वर्षाला प्रवेश मिळतो किंवा श्रेयांकांचे हस्तांतर होते. त्यासाठी प्रत्येक सत्राची मूळ गुणपत्रिका आणि जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले असतील, तर पहिली दोन वर्षे वाचण्याची शक्यता इथे आहे. नव्याने पहिल्या वर्षाचा अर्ज भरण्याआधी एवढी चौकशी केलीच पाहिजे.

‘श्रेयांक बँके’चा फायदा कोणाला?

नव्या धोरणाची सर्वाधिक चर्चा झालेली सोय म्हणजे अभ्यासक्रमात अनेकदा प्रवेश आणि अनेकदा निर्गम. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार एका वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक धरले आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ लागतात. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. राज्यात विद्यापीठ विभाग आणि स्वायत्त कॉलेजांत ही रचना २०२३-२४ पासून आली, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून.

कल्पना चांगली आहे. आतापर्यंत दोन वर्षे शिकून बाहेर पडलेल्याच्या हाती ‘बारावी पास’खेरीज काही नसे. आता किमान पदविका असेल. पण दोन मर्यादा नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे घड्याळ. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी आराखड्यानुसार प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यायचे आणि कमाल सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. शिवाय बाहेर पडताना चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा उन्हाळी आंतरवासिता केलेली असावी लागते. बँकेतल्या श्रेयांकांचे आयुष्यही कमाल सात वर्षांचे. आता कॉलेज सुटण्याची खरी कारणे पाहा. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी तीन वर्षांत परत येत नाही. तिचे धाकटे मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत आठ-दहा वर्षे जातात. घरावरचे कर्जही तीन वर्षांत फिटत नाही. मुदत विद्यापीठाच्या सोयीने ठरली आहे, घराच्या सोयीने नव्हे.

दुसरी मर्यादा अधिक टोचणारी आहे. ही बँक २०२१ मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वी ज्यांचे शिक्षण सुटले त्यांच्या खात्यावर जमा करायला काही नाही, कारण त्यांनी गुण मिळवले होते, श्रेयांक नव्हे. आज परत येऊ पाहणाऱ्यांत हेच लोक सर्वाधिक आहेत. थोडक्यात, ही सोय यापुढे कॉलेज सोडणाऱ्यांसाठी आहे. आधीच सोडलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाचा जुना रस्ताच खरा.

खंडानंतर परत येण्याची मुदत हा प्रकार तसा नवा नाही. शिष्यवृत्तीचा काळ संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. मधल्या काळात बडोद्याची नोकरी झाली, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी झाली. साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. निघण्यापूर्वी घेतलेली ती परवानगी महत्त्वाची होती. आजही कॉलेज सोडावे लागणाऱ्याने नुसते जाणे बंद करण्याऐवजी रीतसर कळवून, गुणपत्रिका आणि निर्गमाचे प्रमाणपत्र हाती घेऊन बाहेर पडावे, ते याचसाठी.

मुक्त विद्यापीठाची वाट कशी आहे?

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. पूर्वीची पात्रता न विचारता प्रौढांना पदवीचे शिक्षण देण्याचा तो प्रयोग होता. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारे शिक्षण सुरू केले होते, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला झाले, दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे ‘इग्नू’ १९८५ मध्ये, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीद. मराठीतून लिहिलेली स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि तालुक्यापर्यंत पोहोचलेली अभ्यासकेंद्रे ही त्याची खरी ताकद राहिली आहे.

पद्धत साधी आहे. प्रवेश ऑनलाइन होतो, पुस्तके मिळतात, सुट्टीच्या दिवशी केंद्रावर संपर्क सत्रे असतात, गृहपाठ लिहून द्यायचे आणि वर्ष किंवा सत्राच्या शेवटी परीक्षा. इग्नूत वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी प्रवेश मिळतो. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. नोकरदारासाठी ही सवलत मोलाची आहे. एखाद्या वर्षी बदली झाली, आजारपण आले, तरी प्रवेश बुडत नाही.

अशा पदवीला किंमत आहे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना ती चालते. खासगी कंपन्यांतल्या मुलाखतीत मात्र नाक मुरडले जाते, हेही खरे. कायद्याने बरोबरी देता येते, मुलाखत घेणाऱ्याच्या मनातली नाही.

सगळे विषय या वाटेने शिकता येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला, कायदा या पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने मानसशास्त्र आणि आहार-पोषणासारखे विषयही दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीतून काढले आहेत. परत शिकू पाहणाऱ्या महिलांमध्ये हे दोन विषय लोकप्रिय. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

बारावीच झालेली नसेल तर?

दोन रस्ते आहेत. राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरता येतो. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे ‘एनआयओएस’चा. तिथे वयाला वरची मर्यादा नाही, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येते. एकेक विषय सोडवत जाणाऱ्याला हे सोयीचे पडते.

तिसरा, जवळचा वाटणारा रस्ता मात्र जपून घ्यावा. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून थेट पदवीला बसवण्याची पद्धत मुक्त विद्यापीठांनी अनेक वर्षे राबवली. हजारो लोक तिच्यामुळे पदवीधर झाले आणि मुक्त शिक्षणाचा मूळ हेतूही तोच होता. पण पुढच्या दारांवर ती पदवी अडू शकते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून बारावी किंवा पदवी मिळवलेल्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. पहिली पदवी नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदव्युत्तर पदवी सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निकालात नियुक्तीसाठी ग्राह्य धरली नाही. आता पदवी प्रवेशासाठी बारावी किंवा समकक्ष पात्रता आयोगाच्या चौकटीतच आहे. म्हणून दोन वर्षे जास्त गेली तरी आधी बारावी करून घेणे शहाणपणाचे. पाचव्या वर्षी वकिलीच्या प्रवेशाच्या रांगेतून परत पाठवले जाण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नावाचा घोळ एवढा मोठा का?

परतणाऱ्या महिलांची सर्वांत जास्त दमछाक अभ्यासात होत नाही, नावात होते. मराठी नावाचे तीन भाग असतात आणि लग्नानंतर त्यांतले दोन बदलतात. वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आडनाव बदलते. काही घरांत पहिले नावही बदलण्याची रीत होती. दहावी-बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार आणि बँक खाते सासरच्या नावाचे. एरवी हे निभावून जाते. प्रवेशाच्या वेळी निभत नाही.

कारण आता सगळी साखळी आधारला जोडली आहे. आधारवरून डिजिलॉकर, डिजिलॉकरवरून ‘अपार’ किंवा श्रेयांक बँकेचा क्रमांक, आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून त्या क्रमांकाच्या आधारे काढलेला ‘डेब’ क्रमांकही सक्तीचा झाला आहे. अनधिकृत संस्थांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू आणि तो रास्त आहे. पण अर्जातले नाव गुणपत्रिकेप्रमाणे भरावे तर ते आधारशी जुळत नाही, आधारप्रमाणे भरावे तर गुणपत्रिकेशी जुळत नाही. या कात्रीत नेमक्या त्याच स्त्रिया सापडतात, ज्यांचे शिक्षण लग्नामुळे सुटले होते. जन्मतारखेतल्या एका आकड्याचा किंवा इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरकही असाच नडतो, आणि तो पुरुषांनाही नडतो.

मार्ग आहेत, वेळखाऊ आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा पहिला पुरावा. वीस वर्षांपूर्वी झालेल्या अनेक लग्नांची नोंदच नसते. ती उशिरा, विलंब शुल्क भरून करता येते. दुसरा पुरावा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावातील बदल. तो अर्ज ऑनलाइन करता येतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. पदवी प्रमाणपत्रावर जे नाव छापून यायला हवे ते प्रवेशाच्या वेळीच ठरवावे लागते, नंतरची दुरुस्ती जास्त जिकिरीची. सरकारी नोकरीत असलेल्या महिलेने सेवापुस्तकातले नाव कोणते, हेही पाहून घ्यावे. पदवी एका नावाची आणि सेवापुस्तक दुसऱ्या नावाचे, अशा प्रकरणांत बढतीच्या फायली अडतात.

विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी हा प्रश्न कागदापुरता उरत नाही. ज्या नात्यातून बाहेर पडण्यासाठी शिक्षण हवे आहे, त्याच नात्याचा पुरावा अर्जाला जोडायला सांगितला जातो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा अर्जदार नव्हता, एवढेच म्हणता येईल.

बाकीची कागदपत्रे तुलनेने सोपी. हरवलेल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडून मिळते. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळे आहेत आणि शाळा ज्या विभागात होती तेच मंडळ लागते. शाळा सोडल्याचा दाखला शाळेतून मिळतो. शाळा बंद पडली असेल तर गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करावी लागते. मधल्या वर्षांसाठी मागतात ते ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणजे ‘या काळात दुसरीकडे कुठे शिकत नव्हतो’ असे स्वतःचेच निवेदन. ते मुद्रांकावर हवे की साध्या कागदावर, हे प्रत्येक संस्थेचे वेगळे. आधी विचारून मगच नोटरीकडे जावे.

नियमित कॉलेजात वय आड येते का?

बहुतेक ठिकाणी नाही. कायद्याच्या पदवीसाठी बार कौन्सिलने घातलेली वयाची अट बराच काळ वादात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली आणि राज्यातल्या तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सामायिक प्रवेश परीक्षेला आज वयोमर्यादा नाही. निवृत्तीनंतर वकिलीचे शिक्षण घेणारे अनेक वर्गांत दिसतात ते त्यामुळेच. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची वरची वयोमर्यादाही २०२२ मध्ये हटवली गेली. पदविका झालेल्या नोकरदारांना सोयीच्या वेळी अभियांत्रिकी पदवी करता यावी, अशी योजना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून आणली आहे. कामाचे ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावे, अशी तिची एक अट आहे.

नियमित कॉलेजात नोकरदाराला नडते ती ७५ टक्के उपस्थिती. नोकरी करताना ‘ॲडजस्ट’ करून घेण्याची तोंडी हमी काही ठिकाणी मिळते. ती घेऊ नये. कार्यालयाच्या हजेरीपटावर आणि कॉलेजच्या हजेरीपटावर एकाच वेळी सही असेल, तर पुढे भरती किंवा सनदेच्या वेळी तोच पुरावा विरोधात जातो. सरकारी कर्मचाऱ्याने शिकण्यासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी, मुक्त विद्यापीठात शिकतानाही.

पैशांचे काय?

मुक्त विद्यापीठाचे कला-वाणिज्य पदवीचे वर्षाचे शुल्क काही हजारांत भागते. परवडण्याचा प्रश्न येतो तो व्यावसायिक अभ्यासक्रमांत. राज्याने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण हा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशांना आहे. शुल्क प्रतिपूर्तीच्या काही योजनांत अभ्यासक्रमातला खंड दोन वर्षांहून जास्त नसावा अशी अट असते, आणि परतणारे तिथेच गळतात. स्वतःच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेतले तर जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर कलम ८०ई खाली वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत. ही सवलत मुलांच्याच कर्जासाठी असते, असा समज आहे. तो खरा नाही.

‘एका वर्षात पदवी’, ‘एका बैठकीत तिन्ही वर्षे’ अशा जाहिरातींचे गिऱ्हाईक हाच वर्ग असतो, कारण त्याला घाई असते. अशी कोणतीही कायदेशीर सोय नाही. अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि कोणत्या संस्थेला कोणत्या सत्रासाठी, कोणत्या विषयाच्या दूरशिक्षणाची परवानगी आहे, हेही त्याच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दिसते. संस्थेचे नाव यादीत असणे पुरेसे नाही, अभ्यासक्रमही असावा लागतो.

मग खरी अडचण कशाची?

वेळेची. महाराष्ट्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले ते तरुण विधवांना पुन्हा शिकता यावे म्हणून. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालवले, घरकाम आटोपून येता येईल अशा बेताने. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकून कामावर जाता यावे, याचा विचार होता. गिरणगावातल्या रात्रशाळांनी दोन पिढ्या दहावीपर्यंत पोहोचवल्या.

आजची चर्चा पोर्टल, क्रमांक आणि श्रेयांकांची आहे. संध्याकाळी सात ते नऊ भरणारे कॉलेज हा विषय तीत फारसा येत नाही. कायद्याचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानच भरावेत, असा तर बार कौन्सिलचा नियमच आहे. दूरशिक्षणातही संपर्क सत्र सुट्टीच्या दिवशी असते, पण परीक्षा कामाच्या दिवसांत येते. दोन-तीन आठवडे पसरलेल्या वेळापत्रकासाठी कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक किंवा घरकाम करणारी बाई रजा कुठून आणणार? अभ्यास झालेला असूनही पेपर चुकतो तो इथे.

दुसरी गोष्ट लिहिण्याच्या सवयीची. मोबाइलवर दोन बोटांनी काम भागवणाऱ्याला पंधरा वर्षांनी सलग तीन तास पेनाने लिहायचे असते. पहिल्या परीक्षेत येत असलेले प्रश्न सुटतात, कारण हात थकतो. अभ्यासकेंद्रांवरचे अनुभवी शिक्षक म्हणूनच गृहपाठ स्वतःच्या हाताने लिहायला लावतात. तो झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेणाऱ्याचे अंतर्गत गुण वाचतात, पण तीन तास लिहिण्याचा सराव होत नाही. रोज एक उत्तर, घड्याळ लावून, पूर्ण लिहायचे. परीक्षेच्या तीन महिने आधी सुरुवात केली तरी पुरते.